सासूबाईंचे गुडघे, कुंभार्ली घाट आणि ८ लाख रुपये: पहिली गाडी कुठली घ्यावी?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कराडला घर, दोघंही नोकरीला, मुलगी पाचवीत. सासूबाईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. महिन्याचं रनिंग ५००-६०० किलोमीटर, आणि दीड-दोन महिन्यांतून एकदा कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला माहेरी. बजेट सगळं धरून ८ लाख. यादीत वॅगनआर, स्विफ्ट, टियागो, ग्रँड आय१० निऑस आणि थोडं ताणून पंच. शोरूमवाला सीएनजी घ्या म्हणतोय आणि भाऊ म्हणतोय, अ‍ॅव्हरेज बघ, बाकी सगळ्या सारख्याच.

सारख्या नाहीत. निदान तुमच्या घरासाठी तरी नाहीत. तुम्ही शेवटच्या ओळीत सहज लिहिलंय ना, की सासूबाईंना रिक्षातून उतरताना त्रास होतो, तिथूनच सुरुवात करायला हवी. पण आधी पैशांचं उरकून घेऊ.

८ लाख म्हणजे ऑन-रोड ८ लाख. आपल्याकडे १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर ११ टक्के रोड टॅक्स लागतो. म्हणजे साडेसहा लाख एक्स-शोरूम (टॅक्स-विमा धरण्याआधीची शोरूमची किंमत) असलेल्या गाडीवर ७१,५०० रुपये नुसता टॅक्स. त्यावर विमा ३०-३५ हजार (थर्ड पार्टी विमा नव्या गाडीला एकदम तीन वर्षांचा घ्यावाच लागतो), शिवाय पासिंगची किरकोळ फी, फास्टॅग. गाडी रस्त्यावर येईपर्यंत साडेसात लाखांच्या पुढे गेलेली असते. म्हणून शोरूममध्ये पावणेसात लाखांच्या वरचं मॉडेल दाखवलं तर तिथेच थांबवा. आणखी एक, नेटवर जुने किमतींचे तक्ते फिरतात ते धरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर २८ टक्के जीएसटी अधिक सेस यावरून सरळ १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे त्याआधीचा कुठलाही आकडा आता खरा नाही.

कोटेशन छापील आणि फोड करून मागा. माझ्या मेहुण्याच्या वेळी एका शोरूमच्या कागदावर 'हँडलिंग' म्हणून साडेआठ हजार आणि मॅट, कव्हर, मडफ्लॅपचं १८ हजारांचं पॅकेज आधीच धरलेलं होतं. कसले पैसे, असं शांतपणे विचारल्यावर पहिली रक्कम पूर्ण निघाली आणि दुसऱ्यातले फक्त मॅट आणि मडफ्लॅप ठेवले. विमाही बाहेरून घेता येतो. बाहेरचं एक कोटेशन फोनमध्ये ठेवलं की शोरूमचा आकडा आपोआप खाली येतो. झिरो डेप (क्लेमच्या वेळी सुट्या भागांचा घसारा न कापणारा विमा) मात्र पहिली पाच वर्षं सोडू नका.

कर्ज घेणार असाल तर सात वर्षांच्या हप्त्याला भुलू नका. ६ लाख, ९ टक्के व्याज धरलं तर पाच वर्षांचा हप्ता साधारण १२,४५० बसतो आणि सात वर्षांचा ९,६५०. महिन्याला २,८०० वाचल्यासारखे वाटतात, पण शेवटी बँकेला ६३ हजारांच्या आसपास जास्त जातात. शिवाय सातव्या वर्षी टायर-बॅटरीचा खर्च आणि हप्ता एकत्र येतो.

आता गुडघ्यांकडे येतो.

माझ्या आईच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाली होती. तेव्हा आमच्याकडे एक बुटकी हॅचबॅक होती. बसताना आई जवळजवळ सीटवर पडायचीच. उतरताना आधी दोन्ही पाय बाहेर काढायची, उजव्या हातात दाराची कड, डाव्या हातात माझं मनगट, आणि मग "थांब हं" म्हणून एक श्वास घ्यायची. पहिल्या प्रयत्नात कधीच उठता आलं नाही तिला. वर्षभराने तिने लग्नाकार्याला यायचंच सोडलं. "तुम्ही जाऊन या, मी घरी बरी." तिला माणसांचा कंटाळा आलाय असं आम्ही धरून चाललो होतो. खरं कारण मला नंतर, दुसरी गाडी घेताना कळलं. त्या गाडीत ती एका दमात बसली आणि म्हणाली, "एवढी उंच खुर्ची असती तर मी सगळीकडे आले असते की." तेव्हापासून कोणाहीबरोबर गाडी बघायला जाताना मी खिशात मोजपट्टी ठेवतो.

तुम्हीही तेच करा. सासूबाई घरात ज्या खुर्चीवरून हात न टेकता उठतात, तिची जमिनीपासूनची उंची मोजा. बहुतेक १८ इंचांच्या आसपास भरेल. शोरूममध्ये मागच्या सीटची पुढची कड जमिनीपासून किती वर आहे ते मोजा. ती खुर्चीच्या जितकी जवळ, तितकं बरं. कमी असेल तर उठताना सगळा भार गुडघ्यावर येतो, जास्त असेल तर बुटक्या माणसाला चढावं लागतं. त्याखेरीज तीन गोष्टी बघा: दार किती उघडतं, उंबरठा किती जाड आहे आणि आत हात धरायला जागा आहे का. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याने पाय आधी आत टाकून बसायचं नसतं. पाठमोरं होऊन आधी टेकायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. यासाठी दार रुंद उघडायला लागतं. पंचची दारं ९० अंशांपर्यंत उघडतात, हा तिचा फार मोठा गुण आहे आणि जाहिरातीत त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. वॅगनआरची उंची १,६७५ मिलिमीटर, स्विफ्टची १,५२०. हा जवळपास सहा इंचांचा फरक डोकं वाकवताना आणि सीटवरून उठताना जाणवतो.

मुख्य म्हणजे सासूबाईंना बरोबर न्या. त्या "मला काय कळतंय त्यातलं" म्हणतील, तरी न्या. आणि शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर नाही, बाहेर रस्त्याच्या कडेला गाडी उभी करायला लावून, नेहमीच्या चपला आणि साडीत त्यांना तीनदा बसवा-उतरवा. पहिल्यांदा त्या संकोचाने नीट बसतील. तिसऱ्या वेळी खरं काय ते दिसतं.

मग घाट. कराड ते पाटण रस्त्यावर हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, पुढे कोयनानगर, हेळवाक, आणि मग खाली पोफळीपर्यंत वळणंच वळणं. माहेरून येताना तोच घाट चढायचा, तोही चार माणसं, डिकीत तांदळाचं पोतं, आंब्याची पेटी आणि एसी चालू अशा अवस्थेत. इथे इंजिनाचा प्रश्न येतो. वॅगनआर दोन इंजिनांत मिळते, १ लिटरचं साधारण ६७ हॉर्सपॉवरचं आणि १.२ लिटरचं ९० च्या आसपासचं. गावातल्या गावात दोन्ही सारखी वाटतात. पण ट्रकमागे पहिल्या गिअरवर अडकून मग दुसऱ्यावर उचलायची वेळ आली की १ लिटर दमतं. तुम्ही १.२ च बघा.

आणि म्हणूनच सीएनजीला माझा तुमच्यापुरता नकार आहे. वॅगनआरमध्ये सीएनजी फक्त १ लिटर इंजिनाबरोबर येतो आणि सीएनजीवर त्याची ताकद आणखी कमी होते. सिलिंडर डिकी खातो, तेव्हा सासूबाईंचा वॉकर ठेवायचा कुठे? टियागो, पंच आणि निऑसमध्ये दोन छोटे सिलिंडर खाली बसवलेलं मॉडेल आहे, तिथे डिकी बरीच वाचते, पण हिशोब तरीही जमत नाही. पेट्रोल १०५ रुपये आणि सीएनजी ९० रुपये किलो धरा, तुमच्याकडचे भाव घालून पुन्हा करून बघा. पेट्रोलवर १७ चं अ‍ॅव्हरेज म्हणजे किलोमीटरला ६ रुपये १८ पैसे, सीएनजीवर २५ म्हणजे ३ रुपये ६० पैसे. वाचतात अडीच रुपयांवर थोडे. सीएनजी मॉडेलचे वरचे ९० हजार भरून निघायला सुमारे ३५ हजार किलोमीटर लागतात. महिन्याला ६०० च्या हिशोबाने जवळजवळ पाच वर्षं! रोज ६० किलोमीटर जाणाऱ्याला सीएनजी सोन्यासारखा आहे. तुम्हाला मात्र त्यात पंपावरची रांग आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची तपासणी एवढंच जास्तीचं मिळेल.

भावाच्या अ‍ॅव्हरेजचाही हिशोब करून टाकतो, वेळ नाही लागत. १७ देणारी गाडी ६०० किलोमीटरला ३,७०० रुपयांचं पेट्रोल पिते, १५ देणारी ४,२००. फरक महिन्याला ५०० रुपये. या ५०० रुपयांसाठी चुकीच्या उंचीची किंवा कमी मजबूत गाडी घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

एएमटीबद्दल, म्हणजे क्लच नसलेल्या, आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीबद्दल तुम्ही विचारलंय. गर्दीत पाय वाचतो हे खरं, पण घाटात ऐन वळणावर ती वरचा गिअर टाकते आणि गाडी मलूल होते. तेव्हा मॅन्युअल मोडवर घ्यायची सवय लावावी लागते. पहिलीच गाडी, घाट नेहमीचा आणि बजेट घट्ट, तर साधा मॅन्युअल गिअर घ्या आणि त्या पैशांत वरचं सुरक्षेचं मॉडेल बघा. हिल-होल्ड आहे का ते मात्र नक्की विचारा. चढावर ब्रेक सोडून क्लच उचलेपर्यंत गाडी मागे येत नाही, नव्या हाताला फार धीर येतो त्याने. आणि उतरताना दुसऱ्या गिअरवर उतरा. नुसत्या ब्रेकवर पोफळीपर्यंत आलात तर चाकाजवळ जळका वास येतो.

सुरक्षिततेवर स्पष्ट लिहितो. ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटून तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत (पाचपैकी तारे) २०२१ मध्ये पंचला मोठ्यांसाठी ५ आणि मुलांसाठी ४ तारे मिळाले. टियागोला २०२० मध्ये ४ आणि ३. निऑसला २०२० मध्ये २ आणि २. वॅगनआरला २०२३ मध्ये मोठ्यांसाठी १ आणि मुलांसाठी शून्य. यात एक मेख आहे. २०२२ च्या मध्यात चाचणीचे नियम कडक झाले, त्यामुळे वॅगनआरचा निकाल आणि बाकीच्यांचे निकाल एकाच फूटपट्टीने मोजलेले नाहीत. शिवाय तेव्हाच्या वॅगनआरला आणि निऑसला दोन एअरबॅग होत्या, आता सहा मिळतात. तरीही एअरबॅग वाढल्या म्हणून सांगाडा बदलत नाही, हेही तितकंच खरं. कुठलीही घ्या, पण मागच्यांनी पट्टा लावायचाच. सासूबाईंनीही, आणि मुलीने तर गावातल्या गावातसुद्धा.

बाकी तीन गाड्यांचं थोडक्यात. स्विफ्ट चालवायला सगळ्यांत छान आणि सहा एअरबॅग खालच्या मॉडेलपासून, पण तुमच्या घरात बसणाऱ्याचं सुख आधी बघायचं आहे. निऑसचं चार सिलिंडरचं इंजिन अगदी शांत, पण उंची आडवी येते. टियागोत पैसे सगळ्यांत चांगले वसूल होतात, फक्त तीही बुटकी.

उरल्या दोन. मी तुमच्या जागी असतो तर पंच पेट्रोल मॅन्युअल आधी बघितली असती. चांगला ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची) पावसाळ्यातल्या पाटण रस्त्याला कामाचा, दार रुंद, सांगाडा दणकट, डिकी ३६६ लिटर. या पैशांत तिचं खालचंच व्हेरियंट येईल, टचस्क्रीन नसेल, ती नंतर बाहेरून बसवता येते. पण सासूबाई उंचीने कमी असतील आणि त्यांना पंचमध्ये चढायला पाय फार उचलावा लागत असेल, तर मी दुसरा विचार न करता १.२ ची वॅगनआर घेईन, ताऱ्यांबद्दल सगळं माहीत असूनही. घाटात ४० च्या वर न जाता. कारण ज्या गाडीत घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बसवत नाही, ती गाडी आमच्याकडे वर्षभर दारात होती आणि आई घरात होती.

टेस्ट ड्राइव्ह दोन्हींची एकाच दिवशी, चारही जण बसून, एसी लावून आणि जवळच्या एखाद्या चढावर घ्या. एकट्याने बायपासवर मारलेल्या फेरीतून काही कळत नाही.

पसंत पडली तरी पासिंगच्या आधी यार्डात जाऊन नेमकी तुमची गाडी बघा. चेसिस नंबरवरून बनल्याचा महिना-वर्ष विचारून घ्या. टायरवर चार आकडी छाप असतो, ४०२५ म्हणजे २०२५ सालचा चाळिसावा आठवडा, पाचही टायर बघा, स्टेपनीसकट. दिवसाउजेडी दारांच्या कडांवरून बोट फिरवा, रंग पुन्हा मारलेला असेल तर खरखरतं. हे सगळं नंबर पडायच्या आधी. नंतर कोणी ऐकत नाही.

खुर्चीची आणि दोन्ही गाड्यांच्या सीटची उंची मोजलीत की कळवा, कोटेशनही फोड करून लिहा. कुठे काय कमी करता येईल ते बघून सांगतो.