ॲक्टिव्हा चालवता येते पण गिअरची गाडी जमत नाही, नवख्यांना नेमकं अवघड काय जातं?

ताई, तुम्ही लिहिलंय की बरीच वर्षं ॲक्टिव्हा चालवताय, आता बदली पाटण तालुक्यात ढेबेवाडी खोऱ्यातल्या वरच्या वाडीवरच्या शाळेत झाली, रस्ता चढाचा आणि खड्ड्यांचा, म्हणून भावाची स्प्लेंडर शिकायला घेतली, तर क्लच सोडला की एकतर बंद पडते नाहीतर उडी मारते, आणि भाऊ म्हणतो तुला बॅलन्सच नाही. माझं कराडला टू-व्हीलरचं गॅरेज आहे आणि ओळखीतले, शेजारपाजारचे बरेच जण शिकताना माझ्याकडेच येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, बॅलन्सचा विषय डोक्यातून काढून टाका. जिला ॲक्टिव्हा चालवता येते तिला बॅलन्स आहेच. उलट स्प्लेंडरची चाकं १८ इंची, ॲक्टिव्हाचं मागचं चाक १० इंची, त्यामुळे एकदा गाडी चालायला लागली की खड्ड्यात स्प्लेंडरच जास्त स्थिर वाटते, वजनातही फार फरक नाही, दोन्ही साधारण ११० किलोच्या आसपास. तुमची अडचण वेगळी आहे. तुमच्या हातांना एक सवय पक्की लागलेली आहे आणि या गाडीवर तीच सवय आडवी येते.

बघा, ॲक्टिव्हाला डाव्या हाताचा लिव्हर म्हणजे ब्रेक, आणि कॉम्बी ब्रेक असल्यामुळे तो एकटा दाबला तरी पुढचं मागचं दोन्ही लागतं. म्हणजे इतकी वर्षं काहीही आडवं आलं की डावी मूठ आवळायची आणि गाडी थांबायची. स्प्लेंडरला त्याच जागी क्लच आहे, म्हणजे दाबला की इंजिन चाकापासून सुटं होतं. मागच्या दिवाळीत बँकेत नोकरी करणाऱ्या एक ताई शिकत होत्या, चांगल्या चालवत होत्या, दुसऱ्या गिअरला होत्या आणि समोरून कुत्रं आडवं आलं. त्यांनी डावी मूठ पूर्ण आवळली, चेहऱ्यावर दिसत होतं की त्या ब्रेक मारतायत, आणि गाडी तर इंजिनपासून मोकळी होऊन तशीच पुढे वाहत गेली, इंजिनचा जो थोडाफार अडकाव असतो तोही गेला. उजवा पाय नुसता फूटरेस्टवर ठेवलेला, कारण स्कूटरवर त्या पायाला कधी काम नव्हतंच. कुत्रं पळालं, काही झालं नाही, पण मला विचाराल तर स्कूटरवरून गिअरवर येणाऱ्यांसाठी सगळ्यात धोक्याची जागा हीच आहे आणि हे कुणी सांगत नाही, सगळे क्लच आणि गिअरचंच सांगत बसतात. जुनी बुलेट चालवलेल्या माणसांनाही हाच त्रास व्हायचा, तिला गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात, मग दुसरी गाडी हातात आली की ब्रेक मारायला जायचे आणि गिअर पडायचा, आणि ती काय नवशिकी माणसं होती का.

म्हणून गाडी पळवायच्या आधी थांबवायची शिका. मोकळ्या जागेत, रविवारी तासवडे एमआयडीसीचे आतले रस्ते रिकामे असतात तिथे, पहिल्या गिअरला हळू न्यायची आणि भावाने मध्येच हात वर केला की थांबायचं, आणि थांबताना उजवा पाय आणि उजवा हात आधी, डावी मूठ शेवटी, गाडी थांबायला आली की. हे इतक्या वेळा करा की कंटाळा येईल. शिकायचे दिवस चालू आहेत तोवर जमल्यास ॲक्टिव्हा चालवूच नका, नाहीतर सकाळी एक सवय आणि संध्याकाळी दुसरी, हात गोंधळतो.

आता क्लच. बंद पडते की उडी मारते याचं कारण जवळजवळ प्रत्येकाचं सारखंच असतं. क्लच सोडत आणताना मध्ये एक जागा येते जिथे इंजिनचा आवाज खाली बसतो आणि गाडी पुढे ओढ घ्यायला लागते, सगळे तिला हाफ क्लच म्हणतात. नवीन माणूस तिथपर्यंत अगदी जपून येतो, गाडी हलते, आणि हलली की हाताला वाटतं झालं आपलं काम, की उरलेला क्लच फटकन सुटतो. मग रेस कमी असेल तर बंद, जास्त असेल तर उडी. त्या ओढीच्या जागी हात थांबवायचा असतो, गाडी माणसाच्या चालण्याइतकी सुटेपर्यंत, आणि मग बाकीचा सोडायचा. सराव असा करा: सपाट जागा, पहिला गिअर, रेस अजिबात द्यायची नाही, दोन्ही पाय जमिनीवर, क्लच हळूहळू सोडत आवाज बदलेपर्यंत यायचं, गाडी वीतभर सरकली की परत दाबायचा. परत सोडायचा, परत दाबायचा. रेस न देता करायचं कारण असं की रेस दिली की आवाजात हाफ क्लच कळत नाही, आणि गाडीचा स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन ज्या वेगाने चालू राहतं तो, बरोबर लावलेला असेल तर सपाटीवर नुसत्या क्लचवर स्प्लेंडर आरामात निघते. हात एकदा ती जागा ओळखायला लागला की मग रेसचा मेळ घालायला वेळ लागत नाही.

पण हे सगळं करायच्या आधी गाडी बघून घ्या, हे मी गॅरेजवाला म्हणून अगदी कळकळीने सांगतो. शिकायला म्हणून घरातली सगळ्यात जुनी गाडी देतात, पडली तरी चालेल म्हणून, आणि तिची क्लच केबल आतून तारा तुटून जड झालेली असते, किंवा इतकी घट्ट ताणून लावलेली असते की लिव्हर पार शेवटाला आल्यावर गाडी निघते. अशा गाडीवर मुरलेला माणूस चालवून नेतो कारण त्याला तिची खोड माहिती असते, शिकणाऱ्याला कळत नाही की चूक त्याची नाही. क्लच लिव्हरच्या टोकाशी साधारण एक ते दोन सेंटीमीटर ढिलाई हवी, त्याहून फार जास्त असेल तर लिव्हर पूर्ण दाबूनही इंजिन पूर्ण सुटं होत नाही, गिअर कडक पडतो, न्यूट्रल सापडत नाही. ढिलाई अजिबात नसेल तर क्लचच्या प्लेटा घसरतात आणि चढावर इंजिन नुसतं ओरडतं. नवीन केबल टाकायला फार खर्च नाही आणि हात किती हलका होतो ते बघा. तुमची बोटं लहान असतील तर लिव्हर थोडा फिरवून खाली लावून घ्या, स्पॅनरचं दोन मिनिटांचं काम आहे, मनगट सरळ राहतं. स्लो पण चेक करून घ्या, खूप कमी असेल तर तुम्ही कितीही नीट क्लच सोडा, बंदच पडणार.

गिअरचं फार टेन्शन घेऊ नका, ते सगळ्यात लवकर येतं. स्प्लेंडरला सगळे गिअर पंजाने पुढे दाबायचे आणि कमी करताना टाचेने. उद्या पल्सर वगैरे हातात आली तर तिला पहिला खाली आणि बाकीचे वर, ते लक्षात असू द्या, दुसऱ्याची गाडी घेताना आधी विचारायचं. एकच सवय लावून घ्या, गाडी थांबायच्या आत गिअर उतरवून घ्यायचे, तिसऱ्यावर थांबून मग उभ्या उभ्या उतरवायला गेलं की गिअर अडकल्यासारखा होतो आणि मागचे हॉर्न मारायला लागतात. हॉर्नचं म्हणाल तर मारू द्या, गाडी बंद पडली तर क्लच दाबा, न्यूट्रलचा हिरवा दिवा लागलाय का बघा, स्टार्ट करा, निघा. मागच्याचे पाच सेकंद जातात, बाकी काही होत नाही.

पुढच्या ब्रेकची भीती मात्र मोडायलाच पाहिजे. आपल्याकडे घरोघरी सांगतात पुढचा दाबू नको पलटी होशील. ब्रेक लागला की गाडीचं आणि आपलं वजन पुढे येतं, पुढचं टायर रस्त्याला जास्त दाबलं जातं, म्हणजे खरी पकड तिथेच असते, आणि मागचं हलकं होऊन नुसतं घसरतं. ४० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते, तेवढं अंतर तर आपल्याला दिसून पाय हलेपर्यंतच संपतं, उरलेल्या अंतरात फक्त मागच्या ब्रेकवर गाडी थांबवणं म्हणजे नशिबावर सोडणं. पुढचा झटक्यात नाही, हळूहळू दाबत न्यायचा, दोन बोटांनी, हँडल सरळ असताना. वळणात, वाळूवर, ओल्या मातीवर पुढचा टाळा, तिथे खरंच पडतात. तुमच्या भावाची गाडी २०१९ नंतरची असेल तर तिलाही कॉम्बी असणार, १२५ सीसीपर्यंतच्या नवीन गाड्यांना एप्रिल २०१९ पासून तो किंवा एबीएस सक्तीचा झाला, मागचा दाबला की थोडा पुढचा लागतो, तरीही उजव्या हाताला पुढचा दाबायची सवय हवीच.

थांबताना पाय कुठला टेकायचा, तर डावा, कारण उजवा ब्रेकवर लागतो. इथे उंची कमी असलेल्यांना एक गोष्ट नडते जी कुणाच्या लक्षात येत नाही. आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात, शिवाय डांबर संपलं की साइडपट्टी आणखी खाली. नवीन माणूस घाबरून अगदी कडेला थांबतो, डावा पाय टेकायला जातो आणि जमीन अपेक्षेपेक्षा दोन-तीन इंच खाली निघते, तेवढ्यात गाडी डावीकडे कलते आणि कलली की मग धरवत नाही. बहुतेक जण चालवताना नाही, असे उभे असतानाच पडतात. म्हणून थांबायचं ते डांबरावर, कडेपासून हातभर आत, आणि हँडल सरळ ठेवून. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबून थांबलात तर गाडी त्याच बाजूला झुकते. सीटवर पुढे सरकून बसा, आणि चपलेवर शिकू नका, पंजा झाकणारा बूट घाला, गिअरने अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडतो. ओढणी घट्ट बांधून किंवा जॅकेटच्या आत. साडी गार्ड काढून टाकलेला असेल तर परत बसवून घ्या, दिसायला काहीही वाटो.

आता तुमचा चढ. चढावर थांबून परत निघणं हे शेवटी शिकायचं, सपाटीवर हाफ क्लच हातात बसल्याशिवाय नाही. उजव्या पायाने ब्रेक धरायचा, डावा पाय जमिनीवर, पहिला गिअर, इथे मात्र थोडी रेस, आणि क्लच सोडत आणायचा, इंजिनचा आवाज बसला आणि गाडीचं नाक किंचित उचलल्यासारखं वाटलं की समजायचं इंजिनने गाडी धरली, मग ब्रेक सोडायचा. घाईत आधी ब्रेक सोडला की गाडी मागे येते आणि माणूस हबकून क्लच सोडतो. छोट्या चढावर, मागे कुणी नसताना, भावाला शेजारी उभं करून करा. शेजारी म्हणतोय, मागे बसवून नाही. मागे बसून जो ओरडत असतो ना, क्लच क्लच, ब्रेक ब्रेक, त्याच्यामुळे अर्धे लोक शिकायचं सोडून देतात, आणि त्याच्या वजनाने गाडी आणखी जड लागते. प्रेमाने करत असेल, पण त्याला सांगा दहा पावलं लांब उभा राहा.

उतरताना ज्या गिअरला चढला असाल साधारण त्याच गिअरला उतरायचं, इंजिनच गाडी अडवून धरतं. आमच्याकडची लोकं पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून, काही तर चक्क इंजिन बंद करून घाट उतरतात, मला ते बघून खरंच राग येतो. रेस सोडलेली असली की तसंही पेट्रोल अगदी कमी जातं, आणि सगळा भार ब्रेकवर आला की ड्रम तापतो, लायनर तापले की पाय दाबून दाबून ब्रेक लागत नाही, आणि हे कळतं ते नेमकं खालच्या वळणावर. वळणाच्या आधीच स्पीड कमी करायचा, वळणात क्लच दाबायचा नाही, आणि बघायचं ते वळण जिथे संपतंय तिकडे. खड्ड्याकडे टक लावून बघितलं की गाडी खड्ड्यातच जाते.

पावसाळ्यात पाटण भागात पाऊस किती असतो तुम्हाला माहितीच आहे, त्यामुळे पहिला पावसाळा शक्यतो वडापने (शेअर जीपने) किंवा एसटीने जा, किंवा पाऊस उघडलेला असेल तेव्हाच गाडी काढा. आणि कारखाने सुरू झाले की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, बऱ्याच ट्रॉल्यांना मागे धड दिवा नसतो, मागची ट्रॉली हेलकावे खाते, त्यांना ओव्हरटेक करायची घाई कधीच नको. अंधार पडायच्या आत घरी यायचं ठरवूनच निघा.

लायसन्स आत्ताच बघून घ्या. तुमच्यावर विनागिअरचा क्लास असेल तर त्यावर स्प्लेंडर चालवता येत नाही, काही झालं तर इन्शुरन्सवालाही अडवतो. गिअरसाठी लर्निंग काढायचं, ते सहा महिने चालतं, आणि ३० दिवसांनंतर पक्क्याची टेस्ट देता येते. पुढे-मागे लाल एल लावायचा, लाजायचं नाही, एल बघून समोरचे थोडं सांभाळून घेतात. हेल्मेट आयएसआयचं, आणि पट्टा लावलेला.

किती दिवसात येईल विचारलंय, तर रोज तासभर मोकळ्या जागेत दिला तर मोकळ्या रस्त्यावर चालवण्याइतकं दोन-तीन आठवड्यात बहुतेकांना येतं, चढाचं थोडं पुढे. आधी केबल आणि स्लो बघून घ्या. ते करूनही उडी मारत असेल तर किती किलोमीटर फिरलेली गाडी आहे आणि क्लच प्लेट कधी बदललीय ते लिहा, मी सांगतो काय करायचं ते.