ताटाची डावी बाजू

"हात-पाय सुधारले हो, बोलतातही नीट, पण आता मुद्दाम करतात." स्ट्रोकमधून सावरणाऱ्या माणसाच्या घरचे समोर बसले, की हे वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात येतंच. कुणी म्हणतं हट्टी झालेत, कुणी म्हणतं लक्षच देत नाहीत. आणि कुणी आवाज खाली आणून विचारतं, "वेड तर लागत नाहीये ना?"

त्या काकूंनीही तेच विचारलं. काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते, निवृत्त झालेले. मेंदूच्या उजव्या भागात गुठळी अडकून झटका आला, त्याला तीन महिने झाले होते. काठी घेऊन स्वतः चालत आले आणि माझ्याशी छान गप्पाही मारल्या. काकूंच्या पर्समध्ये मोका चाचणीचा, म्हणजे स्मरण, लक्ष, भाषा अशा मेंदूच्या कामांच्या छोट्या तपासणीचा कागद होता, 30 पैकी 21. मुलानं मोबाइलवर वाचलं होतं की 26 च्या खाली म्हणजे बिघाड.

"म्हणजे डिमेन्शियाच ना?"

मी बेरीज बाजूला ठेवली आणि गुण कुठे गेले ते पाहिलं. दुसऱ्या महायुद्धात डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांसोबत काम करणाऱ्या अलेक्झांडर लुरिया या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञाकडून मी घेतलेली ही शिस्त आहे: माणूस किती चुकला यापेक्षा कसा चुकला ते बघायचं. काकांना पाच शब्दांतले चार थोड्या वेळानं आठवले होते, म्हणजे स्मरणशक्ती बरीच शाबूत. पण आकृत्यांचे पाचही गुण गेलेले. घड्याळातले बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्यात कोंबलेले. तीन प्राण्यांपैकी सगळ्यात डावीकडच्याचं नावच घेतलं नव्हतं. वजाबाकीतले दोन गुण गेले होते, तिथे मन एकाग्र राहत नव्हतं.

मी कागदावर आडवी रेघ मारून म्हटलं, "काका, मधोमध खूण करा." खूण उजवीकडे पडली, चांगली चार बोटं सरकून. पेपरातलं ‘सोलापूर’ त्यांनी ‘पूर’ असं वाचलं आणि म्हणाले, "हल्ली पेपरात काही अर्थच लागत नाही."

तेवढ्यात काकू एकदम म्हणाल्या, "माझ्या हातचं यांना नकोसं झालंय. भाजी-आमटी खातात, पण चटणी-कोशिंबीर तशीच ठेवतात. नको तर नको म्हणावं ना!" डोळे भरून आले होते. बेचाळीस वर्षांच्या संसारात तीन महिने ही बाई ताटातली कोशिंबीर बघून मनातल्या मनात कुढत होती.

चटणी-कोशिंबीर आपण ताटात कुठे वाढतो? डावीकडे. मी इतकंच सांगितलं, "आज जेवण अर्धं झालं की काही न बोलता ताट फिरवा."

पुढच्या आठवड्यात काकू दारातूनच सांगत आल्या. "ताट फिरवलं तर मला म्हणतात, अगं, कोशिंबीर कधी वाढलीस?" हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी ‘मुद्दाम’ हा शब्द पुन्हा आला नाही. इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मी जपून ठेवले आहेत.

"मग डोळ्यांना दाखवू का?" मुलानं विचारलं. डोळ्यांची तपासणी जरूर करावी, स्ट्रोकनंतर नजरेचा अर्धा पट्टाही जाऊ शकतो. पण तसं झालेल्या माणसाला बहुधा ते जाणवतं आणि तो मान वळवून बघतो. काकांना डावीकडे काही उरलंय हेच वाटत नव्हतं; मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की असं होऊ शकतं. बिसियाक आणि लुझात्ती या इटालियन संशोधकांनी 1978 मध्ये मिलानच्या अशाच रुग्णांना त्यांच्या ओळखीचा चौक मनात आणायला सांगितला होता, आधी एका टोकाकडून, मग समोरच्या टोकाकडून. तेच मी काकांच्या स्टँडवर केलं. "फाटकातून आत आलात, काय काय दिसतंय?" त्यांनी उजवीकडचेच फलाट सांगितले. "आता तुमच्या कंट्रोलच्या खिडकीतून बाहेर बघा." आता मघाशी गाळलेले फलाट भराभर आले आणि आधीचे गायब झाले! आठवण होती, तिच्या डाव्या अर्ध्याकडे लक्ष वळत नव्हतं. मुलगा गप्प बसून ऐकत होता.

म्हणून घरच्यांना माझं सांगणं आहे की एका आकड्यावरून घाबरू नका. पहिल्या काही दिवसांतल्या गुणांवर तर भिस्त ठेवूच नका, काही महिन्यांनी चाचणी पुन्हा करून घ्या. ती मायबोलीत व्हावी, चष्मा आणि कानाचं यंत्र लावून, माणूस ताजातवाना असताना. शिक्षण किती झालं ते आधी सांगा. वाचा गेली असेल तर शब्दांवर चालणारी चाचणी खोटं चित्र दाखवते. उदासी आणि झोपेची तक्रारही सांगा, दोन्हींमुळे गुण घसरतात. जाण्याआधी आठवडाभर चुका वहीत टिपा: शर्टाची कुठली बाही राहिली, दाढी कुठल्या गालाची राहिली. माझ्या लेखी ही वही चाचणीइतकीच मोलाची.

काकांच्या पेपरच्या डाव्या कडेला आम्ही लाल पट्टी चिकटवली. ओळ वाचायची ती पट्टी सापडल्यावरच. काकू त्यांच्या डाव्या हाताला बसू लागल्या. स्कूटरची किल्ली मुलाकडे गेली, त्यावर काका चिडले. तिथे मी मुलाच्या बाजूनं ठाम राहिले. रस्ता एकट्यानं ओलांडणंही बंद.

चार महिन्यांनी काढलेल्या घड्याळात दहा आणि अकरा डावीकडे आले होते. आठ-नऊ अजून खाली दाटीवाटीनं होते. पण आकडे घालण्याआधी काकांनी बोट फिरवून वर्तुळाची डावी कड शोधली होती, मी न सांगता.

डावी चप्पल मात्र त्या दिवशीही दाराशीच राहिली. काकूंनी ती उचलून त्यांच्या उजव्या पायाशेजारी ठेवली.