वाचकांचे प्रश्न : अभिक्रियेची कोटी आणि रेण्वीयता

प्रश्न : रासायनिक गतिकी शिकताना ऑर्डर आणि मॉलिक्युलॅरिटी, म्हणजेच कोटी आणि रेण्वीयता, या दोन संज्ञांपाशी माझा नेहमी गोंधळ होतो. कोटी प्रयोगानेच ठरते असे पुस्तकात म्हटले आहे. पण सोडवायला दिलेल्या कित्येक उदाहरणांत ती समीकरणातील सहगुणकांच्या, म्हणजे सूत्रांआधी लिहिलेल्या आकड्यांच्या, बेरजेइतकीच निघते. मग ती सरळ समीकरणावरून का काढू नये?

उत्तर : आम्लयुक्त द्रावणात ब्रोमेट आणि ब्रोमाइड यांच्यापासून ब्रोमीन तयार होते, त्या अभिक्रियेपासून सुरुवात करू. तिच्या संतुलित समीकरणात एक ब्रोमेट आयन, पाच ब्रोमाइड आयन आणि सहा हायड्रोजन आयन खर्ची पडतात, म्हणजे सहगुणकांची बेरीज 12 होते. आता प्रयोगाकडे वळा. द्रावणातील आयनांचे एकूण प्रमाण एखाद्या निष्क्रिय क्षाराने सारखे राखून केवळ ब्रोमेटची संहती, म्हणजे ठरावीक आकारमानातील प्रमाण, दुप्पट केली, तर सुरुवातीचा वेग दुप्पट होतो. केवळ ब्रोमाइडची दुप्पट केली, तरी दुप्पटच होतो. मात्र हायड्रोजन आयनांची संहती दुप्पट केली की वेग चौपट होतो आणि तिप्पट केली की नऊपट होतो. म्हणून वेग-समीकरणातील, म्हणजे वेग आणि संहती यांचे नाते मांडणाऱ्या सूत्रातील, घातांक अनुक्रमे 1, 1 आणि 2 ठरतात. प्रत्येक घातांक म्हणजे त्या पदार्थाच्या संदर्भातील कोटी आणि त्यांची बेरीज म्हणजे अभिक्रियेची एकूण कोटी; ती येथे 4 येते. समीकरणातील पाच आणि सहा या आकड्यांचा या घातांकांत मागमूसही नाही. तसा तो असावा अशी अपेक्षा धरण्याचेही कारण नाही, कारण किती पदार्थ गेला आणि किती आला याचा हिशेब मांडणे एवढेच संतुलित समीकरणाचे काम असते; ते रूपांतर कोणत्या वाटेने झाले, याबद्दल ते काहीही सांगत नाही.

ती वाट सांगताना रेण्वीयता ही संज्ञा लागते. बारा आयन एकाच क्षणी, एकाच जागी, योग्य दिशेने एकमेकांवर आदळणे व्यवहारात अशक्य आहे. अभिक्रिया लहान लहान मूलभूत पायऱ्यांनी पुढे सरकते आणि अशा एका पायरीत प्रत्यक्ष भाग घेणाऱ्या कणांची संख्या म्हणजे त्या पायरीची रेण्वीयता. ती 1 किंवा 2 असते, क्वचित 3 असते. शून्य, अपूर्णांक किंवा ऋण असण्याचा प्रश्नच येत नाही. अनेक पायऱ्यांच्या संपूर्ण अभिक्रियेची रेण्वीयता विचारणेच मुळात चुकीचे आहे आणि परीक्षेत असा प्रश्न आला, तर तो पायरीबद्दल आहे की अभिक्रियेबद्दल, हे आधी पाहावे. कोटी ही मोजलेली राशी आहे, तर रेण्वीयता हे यंत्रणेविषयीचे, म्हणजे अभिक्रियेच्या वाटेविषयीचे, विधान आहे. केवळ मूलभूत पायरीपुरते घातांक सहगुणकांवरून लिहिण्याची मुभा आहे.

नायट्रोजन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्या अभिक्रियेत हे स्वच्छ दिसते. दोन्हींचे सहगुणक 1 आहेत; तरीही सुमारे 225 अंश सेल्सिअसच्या खाली वेग नायट्रोजन डायऑक्साइडच्या संहतीच्या वर्गाशी सम प्रमाणात राहतो आणि कार्बन मोनॉक्साइड वाढवले तरी बदलत नाही. याचे कारण असे की, पहिल्या मंद पायरीत नायट्रोजन डायऑक्साइडचे दोन रेणू एकमेकांवर आदळून नायट्रोजन ट्रायऑक्साइड बनते आणि कार्बन मोनॉक्साइडची पाळी त्यानंतरच्या जलद पायरीत येते; एकूण वेग मात्र मंद पायरीच ठरवते.

आकडे जुळतात तेव्हाही सावध राहायला हवे आणि तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा येथेच आहे. हायड्रोजन आणि आयोडीन यांच्यापासून हायड्रोजन आयोडाइड बनण्याचा अभ्यास जर्मन रसायनशास्त्रज्ञ माक्स बोडेनश्टाइन यांनी 1890च्या दशकात केला. वेग दोन्हींच्या संहतींच्या गुणाकाराशी सम प्रमाणात निघाला, म्हणून दोन रेणूंच्या थेट टकरीचे आदर्श उदाहरण म्हणून ही अभिक्रिया कित्येक दशके शिकवली गेली. पुढे 1967मध्ये रसायनशास्त्रज्ञ सलिव्हन यांनी प्रकाशाच्या साहाय्याने आयोडीनचे अणू निर्माण करून मोजमापे केली आणि हायड्रोजनचा एक रेणू व आयोडीनचे दोन अणू मिळून अभिक्रिया होते, या कल्पनेशी ती जुळत असल्याचे दाखवले. आयोडीनचे रेणू आणि अणू समतोलात असल्यामुळे अणूंच्या संहतीचा वर्ग रेणूंच्या संहतीच्या प्रमाणात असतो. साहजिकच दोन्ही यंत्रणांचे वेग-समीकरण अगदी एकच येते. कोटीचे नुसते मोजमाप या दोहोंत निवाडा करू शकत नाही, त्यासाठी सलिव्हन यांच्यासारखा वेगळा प्रयोगच रचावा लागतो. म्हणूनच, उदाहरणांत कोटी आणि सहगुणकांची बेरीज सारखी आली, एवढ्यावरून त्या समीकरणाने अभिक्रियेची वाट सांगितली असे समजू नये.

प्रश्न : एकरेण्वीय पायरीत एकच रेणू फुटतो किंवा आपली रचना बदलतो. त्यासाठी लागणारी ऊर्जा त्याला टकरीतून मिळत असेल, तर टक्कर दोन रेणूंची असते. मग अशा अभिक्रियेची कोटी 2 का येत नाही?

उत्तर : ही शंका फार मोलाची आहे आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिने मोठमोठ्या शास्त्रज्ञांना अडवून धरले होते. ज्याँ पेराँ यांनी तर 1919मध्ये असे सुचवले की, ही ऊर्जा टकरींतून येत नसून भांड्याच्या भिंतींमधून येणाऱ्या प्रारणातून मिळत असावी. ती कल्पना टिकली नाही. आज मान्य असलेल्या स्पष्टीकरणाचा पाया 1922मध्ये फ्रेडरिक लिंडमान यांनी घातला. रेणू टकरीने ऊर्जावान होतो, हे त्यांनी मान्य केले. मात्र ऊर्जा मिळणे आणि फुटणे यांच्यामध्ये काही काळ जातो आणि तेवढ्यात दुसऱ्या टकरीने ती ऊर्जा काढूनही घेतली जाऊ शकते.

वायूचा दाब जास्त असेल, तर टकरी इतक्या वारंवार होतात की बहुतेक ऊर्जावान रेणू फुटण्याआधीच शांत होतात; त्यांचे प्रमाण एकूण रेणूंच्या ठरावीक हिश्शाइतके राहते आणि कोटी 1 मिळते. दाब अगदी कमी केला, तर ऊर्जावान झालेला जवळजवळ प्रत्येक रेणू पुढच्या टकरीआधीच फुटतो, ऊर्जा मिळवून देणारी टक्कर हीच मंद पायरी ठरते आणि कोटी 2 कडे झुकते. सायक्लोप्रोपेनचे प्रोपीनमध्ये होणारे रूपांतर अभ्यासताना हे प्रत्यक्ष पाहायला मिळते : दाब कमी केला की प्रथम कोटीचा म्हणून काढलेला वेग-स्थिरांक (वेग-समीकरणात संहतीला गुणणारा आकडा) घटत जातो आणि निष्क्रिय वायू मिसळला की तो पुन्हा वर चढतो. दाब बदलताना कोणत्याही पायरीची रेण्वीयता तसूभरही बदललेली नसते. ऊर्जा देणारी आणि काढून घेणारी पायरी द्विरेण्वीय, तर फुटण्याची पायरी एकरेण्वीयच राहते. बदलते ती कोटी.

प्रश्न : कोटी ऋण असू शकते का?

उत्तर : असू शकते. ओझोनचे विघटन होऊन ऑक्सिजन बनतो, त्या अभिक्रियेचा वेग ऑक्सिजन पुरेसा असताना ओझोनच्या संहतीच्या वर्गाशी सम आणि ऑक्सिजनच्या संहतीशी व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे ओझोनच्या संदर्भात कोटी 2, ऑक्सिजनच्या संदर्भात उणे 1 आणि एकूण 1. ओझोनपासून सुटलेला ऑक्सिजनचा अणू दुसऱ्या ओझोन रेणूला गाठतो, तेव्हा विघटन पुढे सरकते. तोच अणू ऑक्सिजनच्या रेणूला भेटला, तर पुन्हा ओझोन बनतो आणि अभिक्रिया मागे ओढली जाते. ऑक्सिजन फारच थोडा असेल, तर ही ओढ नाहीशी होते आणि ओझोनच्या संदर्भातील कोटी 2 वरून 1 वर येते. मधल्या स्थितीत वेग-समीकरणाच्या छेदात दोन पदे शिल्लक राहतात आणि अशा अभिक्रियेला एकच एक कोटी सांगता येत नाही.