पाटीवर ‘ग्रामीण’ आहे म्हणून?

पत्र : मुलीला नीटमध्ये बरे मार्क पडलेत. अंबाजोगाईला सरकारी एमबीबीएसला नंबर लागेल असं वाटतं. पण पाहुणे म्हणतात, ग्रामीण कॉलेजच्या डॉक्टरला पुण्या-मुंबईत कोण विचारतं? वरून शिकून झाल्यावर सरकारी सेवेच्या बॉण्डपायी वर्षभर खेड्यात राहावं लागेल. काय करावं?
— एक वडील, धारूर तालुका

दादा, नमस्कार.

पाहुण्यांना सांगा, पदवी नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठच देतं, मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या जीएस कॉलेजवाल्यांना देतं तेच. आणि बॉण्ड सगळ्याच सरकारी कॉलेजांना आहे. वर्षभर सेवा करावीच लागते. पुणं घेतलं म्हणून तो चुकत नाही.

अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९७४ पासूनचं. त्याच्या नावातलं ‘ग्रामीण’ कमीपणाचं नाही, मुद्दाम ठेवलेलं आहे. तिथल्या ओपीडीत केज, परळी, धारूरची माणसं येतात, म्हणजे तुमचीच. ‘पोटात कालवतंय’ म्हणजे नेमकं काय, हे तुमच्या लेकीला कुणी समजावून सांगायला नको. शहरातल्या पोरांचं पहिलं वर्ष त्यातच जातं.

आता एमबीबीएसच्या प्रत्येक मुलाला गावातली तीन ते पाच कुटुंबं दत्तक घ्यावी लागतात. बीपी बघायचं, लसीकरणाचं कार्ड तपासायचं, परत परत जायचं. खरं सांगतो, बरीच पोरं हे जर्नल भरण्यापुरतं करतात. पण आपल्या भागात दिवाळीच्या आगेमागे गेलं की त्यातल्या एखाद्या घराला कुलूप दिसतं. कोयता घेऊन सगळे ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले. सून सहा महिन्यांची गरोदर, तिचं कार्ड राहिलं घरातल्या पत्र्याच्या पेटीत. मग पुढची तपासणी कुठे, कोण करणार? हा प्रश्न जिला पडला, तिला मग बॉण्डचं वर्ष शिक्षा वाटत नाही.

एक अडचण मात्र लपवत नाही. पुढे एमडी-एमएस करायचं तर नीट-पीजी ही प्रवेश परीक्षा आहेच, आणि इंटर्नशिपमध्ये निम्मी पोरं वॉर्ड सोडून तिच्या एमसीक्यूच्या, म्हणजे पर्यायी उत्तरांच्या प्रश्नांच्या मागे असतात. हे सगळीकडंच आहे.

कॉलेजांचे पर्याय भरायच्या आधी लेकीला घेऊन एक दिवस अंबाजोगाईला जा. सकाळी नऊला ओपीडीच्या रांगेपाशी तासभर थांबा. एखाद्या इंटर्नला गाठून विचारा, दत्तक घेतलेल्या घरी शेवटचा कधी गेलास? हे तिला विचारू द्या. तुम्ही तेवढ्यात चहा घ्या.