शब्द सगळे येतात, उतारा मात्र कळत नाही

नोकरी सांभाळून पदवीच्या अभ्यासाला बसलेल्यांकडून मी सर्वांत जास्त ऐकते ती तक्रार अशी: "शब्द पाठ आहेत, व्याकरण येतं, पण इंग्रजी उतारा वाचून संपला की डोक्यात काहीच उरत नाही. वयामुळे असं होतं का?" मी शांघायमध्ये प्रौढ विद्यार्थ्यांना अभ्यासाबद्दल समुपदेशन करते. माझ्याकडे येणारे जवळजवळ सगळे चिनी भाषक आहेत आणि त्यांतले निम्मेअधिक हाच प्रश्न घेऊन येतात. त्यांच्यापैकी एकीची हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, अडचण मात्र जशीच्या तशी ठेवली आहे.

बाई पस्तिशीच्या आतबाहेरची. माहेर आनह्वेइ प्रांतातल्या एका खेड्यात. एकोणिसाव्या वर्षी कारखान्यात लागली, मग हिशेबाचं काम शिकली, डिप्लोमा केला आणि नोकरी करता करता प्रौढ शिक्षणातून पदवीला प्रवेश घेतला. पदवीचे बाकीचे सगळे विषय सुटले होते. अडलं होतं ते इंग्रजीवर. दोनदा परीक्षा दिली आणि दोन्ही वेळा उताऱ्यांनीच घात केला.

एका भाषेच्या पेपरवर इतकं काय अडतं, ते चीनबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. इथे अभ्यासक्रम पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र वेगळं आणि पदवीचं प्रमाणपत्र वेगळं. प्रौढ शिक्षणातल्या विद्यार्थ्याने सगळे विषय सोडवले की पहिलं मिळतं. दुसऱ्यासाठी मात्र सहसा पदवी-इंग्रजीची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ही परीक्षा कुठे प्रांत घेतो, कुठे विद्यापीठ. शांघायमध्ये या दोन कागदांतला फरक थेट आकड्यात मोजता येतो. बाहेरगावाहून आलेल्यांसाठी २०१३ साली इथे निवासाची गुणपद्धत लागू झाली. १२० गुण भरले तरच मुलाला नववीनंतरची चोंगखाओ आणि बारावीनंतरची गाओखाओ या प्रवेशपरीक्षा शांघायमधून देता येतात. नुसता पदवी अभ्यासक्रम पूर्ण केला तर ६० गुण मिळतात, सोबत पदवी असेल तर ९०. तिच्या वयाचे ३० धरले की १२० तिथेच पुरे होतात. पदवी नसेल तर सामाजिक विम्याच्या प्रत्येक वर्षाचे तीन-तीन गुण जोडत बसायचं. तोवर चौथीतला मुलगा नववी ओलांडून जाणार आणि त्याला परीक्षेसाठी आजोळी पाठवावं लागणार.

त्यामुळे ती माझ्यासमोर बसली तेव्हा तिच्या डोक्यात उतारा नव्हताच. मुलगा होता. हे आधी बोलून मोकळं करावं लागलं. प्रत्येक ओळीमागे "हे चुकलं तर पोराचं काय" हा विचार असेल, तर वाचणाऱ्याला शेजारचा शब्दसुद्धा दिसत नाही. सराव आणि परीक्षा यांची सरमिसळ होऊ द्यायची नाही, हे आमचं पहिल्याच भेटीत ठरलं. सरावाच्या वहीत गुण लिहायचे नाहीत.

मग ती सराव कसा करते ते पाहिलं. फोनवरच्या ॲपमध्ये शब्दांची यादी. इथल्या बहुतेक याद्या वर्णानुक्रमे असतात आणि 'अबॅन्डन' या शब्दापासून सुरू होतात. कित्येकांचा अभ्यास त्याच पानावर संपतो, पण हिने यादी शेवटपर्यंत घोकली होती, तीही दोनदा. यादीनंतर जुन्या प्रश्नपत्रिका: आधी प्रश्न वाचायचे, त्यातला ठळक शब्द उताऱ्यात शोधायचा आणि त्याच्या आजूबाजूच्या ओळीशी जुळणारा पर्याय निवडायचा. शिकवणीत तिला हेच शिकवलं होतं.

मी एक उतारा दिला. एका गावातलं ग्रंथालय पुस्तकांबरोबर अवजारंही घरी न्यायला देतं, अशी माहिती होती. तिने प्रश्न सोडवले, पाचातले तीन बरोबर आले. मग मी कागद पालथा घातला आणि म्हटलं, "आता चिनीत सांगा, यात काय होतं?" ती बराच वेळ गप्प राहिली. नंतर म्हणाली, "ग्रंथालय, हातोडा, शेजारी." तीन उत्तरं बरोबर आणि गोष्ट मात्र शून्य! परीक्षेत पर्याय वेगळ्या शब्दांत मांडलेले असले की ती का अडायची, ते दोघींनाही तिथेच दिसलं.

वयाबद्दल मी तिला काय सांगितलं ते इथेही सांगते. परक्या भाषेचे उच्चार लहानपणी सहज बसतात, मोठेपणी कष्टाने बसतात, हे खरं. पण वाचून समजणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे आयुष्यात पाहिलेलं, भोगलेलं कामाला येतं. बँकेचं कर्ज, घरभाडं, दवाखाना, मालक-नोकर यांवरचा उतारा पस्तिशीच्या बाईला वीस वर्षांच्या मुलापेक्षा लवकर उमगायला हवा. उमगत नसेल तर वय सोडून दुसरीकडे पाहावं.

तिच्या बाबतीत अडथळा होता वाक्याच्या घडणीत. वहीत मी एक वाक्य लिहिलं: 'द रिपोर्ट दॅट द मॅनेजर हू जॉइन्ड लास्ट मंथ सेंट टू द हेड ऑफिस वॉज नेव्हर रेड.' यातला एकही शब्द तिला नवा नव्हता. मी विचारलं, "काय कधीच झालं नाही?" तिने पेन्सिल 'रिपोर्ट'वर ठेवली, तिथून 'मॅनेजर'वर, मग 'जॉइन्ड'वर आणली. "मॅनेजर रुजू झाला." पेन्सिल पुढे सरकली. "मॅनेजरने पाठवलं." शेवटच्या तीन शब्दांपाशी येऊन ती थांबली आणि म्हणाली, "लाओशी (म्हणजे बाई), मॅनेजरने वाचलं नाही."

चिनी भाषेत हे सगळं विशेषण म्हणून नामाच्या आधी येतं. मराठीतही आपण तसंच म्हणतो: गेल्या महिन्यात रुजू झालेल्या मॅनेजरने मुख्य कार्यालयाला पाठवलेला अहवाल कधीच वाचला गेला नाही. मी स्वतः कोल्हापूरकडच्या खेड्यात मराठी माध्यमात शिकले, त्यामुळे तिची पेन्सिल का अडली हे मला कुठल्या पुस्तकात पाहावं लागलं नाही. आपल्याला आधी सगळं वर्णन आणि मग वस्तू अशी सवय. इंग्रजीत वस्तू आधी येते, वर्णन तिच्या मागून लांबत जातं आणि मुख्य क्रियापद पार टोकाला उरतं. शिवाय चिनी क्रियापदाचं रूप काळाप्रमाणे किंवा प्रयोगाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे 'सेंट' आणि 'वॉज रेड' यांच्या रूपांतला फरक तिच्या डोळ्यांना जाणवतच नव्हता. तिची नजर शब्दावरून शब्दावर उडी मारायची, प्रत्येकाचा चिनी अर्थ काढायची आणि ते अर्थ चिनी क्रमाने लावायची. ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असायची.

उपाय साधा होता, पण त्याला चिकाटी लागते. रोज एकच उतारा, आणि त्यातली फक्त लांब वाक्यं. मुख्य क्रियापदाखाली रेघ, ते ज्याच्याबद्दल आहे त्या शब्दाभोवती गोल, मधलं सगळं कंसात. आधी कंस सोडून वाक्य वाचायचं: अहवाल कधीच वाचला गेला नाही. मग एकेक कंस उघडायचा. शब्दकोश शेवटी. पहिल्या आठवड्यात एका उताऱ्याला तिचा तास जायचा आणि ती वैतागायची. पुढे हळूहळू तिला पेन्सिलीची गरज कमी भासू लागली.

"चिनीत विचार करू नका" असं तिला आधी कुणीतरी बजावलं होतं. मला ते पटत नाही. शब्दाशब्दाचं भाषांतर सोडावं, हे बरोबर. पण परिच्छेद संपल्यावर त्याचं सार आपल्या भाषेत एका वाक्यात सांगता आलं, तरच तो समजला. म्हणून तिने पर्याय झाकून आधी प्रश्नाचं उत्तर चिनीत द्यायचं, आणि मगच पर्याय पाहायचे. पर्यायात उताऱ्यातलेच शब्द दिसले की तिचा हात तिकडे वळायचा. तेव्हा मी विचारायचे, "बिल जोडल्याशिवाय तुम्ही खर्च मांडता का? मग या उत्तराचं बिल कुठल्या ओळीत आहे, ते दाखवा." हिशेबातली बाई, तिला हे लगेच पटलं. पुढे ती माझ्याआधीच ओळीवर बोट ठेवू लागली.

एवढ्याने मात्र भागत नाही. कंस सोडवून वाक्य कळतं, पण वेग येत नाही. वेगासाठी भरपूर वाचावं लागतं आणि भरपूर वाचायचं तर ते सोपं हवं. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी यावर बरंच काम केलं आहे. शब्दकोशाविना नीट समजायला मजकुरातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, असं त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या संशोधनात दिसलं. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी. परीक्षेचा उतारा तिच्यासाठी याच्या कितीतरी पलीकडचा होता. घोकलेला शब्दही वाक्यात ओळखीचा वाटत नव्हता. रोज त्यावरच डोकं आपटून वाचनाची सवय कशी लागणार?

सोपं म्हणजे काय, तर चौथीतल्या मुलाची गोष्टींची पुस्तकं. शांघायमध्ये इंग्रजी पहिलीपासून असल्याने घरात ती होतीच. पण मी सुचवलं आणि तिचा चेहरा उतरला. ती मुलासमोर मोठ्याने वाचायची तेव्हा तो उच्चार सुधारायचा, आणि ते तिला लागायचं. म्हणून आम्ही रीत बदलली. पुस्तक तिने एकटीने वाचायचं. घर आनथिंगला, काम श्यूच्याह्वेइला, मध्ये ११ क्रमांकाच्या मेट्रोचा तासाभराचा प्रवास. कानात त्याच गोष्टीचं ध्वनिमुद्रण, नजर पानावर. तिने शब्द नुसते अक्षरांच्या आकारावरून पाठ केले होते, कित्येकांचा आवाज तिला ठाऊकच नव्हता, आणि शब्द मनात उच्चारता येत नसेल तर वाक्य लक्षात राहायला जड जातं. रात्री मुलाने गोष्टीवर प्रश्न विचारायचे आणि तिने उत्तरं चिनीत द्यायची. उच्चारांचा प्रश्नच उरला नाही.

एका संध्याकाळी त्याने विचारलं, "पण कुत्र्याला घरी परत कोणी आणलं?" तिला सांगता येईना. तिने पुस्तक उघडलं, दोन पानं मागे गेली, ओळ शोधली आणि त्याला दाखवली. परीक्षेसाठी नाही, गुणांसाठी नाही, फक्त काय झालं ते कळावं म्हणून ती इंग्रजीत मागे जाऊन वाचत होती. हे तिने मला फोन करून सांगितलं. माझ्या लेखी खरी प्रगती ही होती आणि मी तिला तसं स्पष्ट सांगितलं.

पुढच्या खेपेला ती उत्तीर्ण झाली. उताऱ्यांत पैकीच्या पैकी मिळाले नाहीत, लेखकाच्या रोखाविषयीचे प्रश्न अजूनही चुकतात. पण वेळेत सगळे उतारे वाचून झाले, आणि हे आधी कधीच झालं नव्हतं.

आता यावर नेहमी येणारा प्रश्न: परीक्षा महिना-दीड महिन्यावर आली असेल तर? एका ट्रकचालक गृहस्थांची हीच स्थिती होती. त्यांना मी गोष्टींची पुस्तकं दिली नाहीत, इतक्या थोड्या वेळात त्यांचा गुण दिसत नाही. रोज एक जुना उतारा, लांब वाक्यांचे कंस, पर्याय झाकून उत्तर आणि उत्तराची ओळ, एवढंच ठेवलं. नवी शब्दयादी बंद केली. उताऱ्यात पुन्हा पुन्हा अडवणारे शब्दच लिहायचे, तेही त्यांच्या वाक्यासकट. आणि सोपं वाचन परीक्षा संपलेल्या संध्याकाळीच सुरू करायचं, निकालाची वाट न पाहता, असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.