आयव्हीआयजीची कंपनी बदलली तर चालतं का?

प्रश्न: सासऱ्यांना सीआयडीपी (प्रतिकारशक्तीच नसांवर हल्ला करते तो आजार) आहे, वजन ६० किलो, शुगरही आहे. दर तीन आठवड्यांनी मिरजेला नेऊन आयव्हीआयजी (शिरेतून द्यायचं अँटीबॉडीचं औषध) द्यावं लागतं, बाटल्या मी तासगावातून बर्फात घालून नेते. मागच्या वेळी नेहमीच्या कंपनीचं मिळालं नाही म्हणून दुसरं घेतलं तर रात्रभर डोकं ठणकलं, थंडी वाजली. दुकानदार म्हणतो औषध तेच आहे. काय चुकलं? — एक सूनबाई, तासगाव

उत्तर: ताई, दुकानदाराचं अर्धंच खरं. पॅरासिटामॉलची कंपनी बदलली तर बिघडत नाही, पण आयव्हीआयजी हजारो लोकांच्या प्लाझ्मापासून (रक्तातल्या पातळ भागापासून) बनतं आणि ते टिकवायला कुणी साखर घालतं, कुणी अमिनो आम्ल. त्यात ५ टक्के आणि १० टक्के असे दोन प्रकार, म्हणजे ५ ग्रॅमची बाटली एकात १०० मिलीची तर दुसऱ्यात ५० मिलीची. आधी ५ टक्क्यांचं चालू होतं नि आता १० टक्क्यांचं आणून सलाईनचा वेग तोच ठेवला, तर औषध दुप्पट वेगानं आत गेलं ना! मला तरी पहिला संशय वेगाचाच येतो, बाटलीवरचा आकडा आधी बघा. कंपनी बदलली की पहिल्यांदा हळूच सुरू करायचं असतं.

शुगरचं मात्र नीट ऐका. काही आयव्हीआयजीत माल्टोज नावाची साखर असते, आणि काही घरगुती मीटर तिलाच ग्लुकोज समजून आकडा फुगवून दाखवतात, मग घाबरून जादा इन्सुलिन टोचलं की खरी शुगर धाडकन खाली. तुमचा मीटर चालेल का हे फार्मासिस्टला विचाराच, हे सांगणं त्याचं कामच आहे (नुसतं बिल फाडणं नाही).

बर्फाला बाटली चिकटवू नका, गोठली तर फेकावी लागते. बहुतेक बाटल्यांना २ ते ८ डिग्री लागतं, तेव्हा मध्ये जाड टॉवेल घाला, बाटली हलवून फेस होऊ देऊ नका.

परत डोकं दुखून मान आखडली, एकच पाय सुजला, छातीत दुखलं किंवा लघवी कमी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, फोनवर विचारत बसू नका.

आणि एक वही करा. डॉक्टरांनी किलोला १ ग्रॅम लिहिलं असेल तर खेपेला ५ ग्रॅमच्या १२ बाटल्या होतात, सगळ्यांची कंपनी नि बॅच नंबर त्यात उतरवा. पुढच्या खेपेला औषध घेताना ती वही आधी काउंटरवर ठेवायची, पैसे नंतर.