विहिरीत पुराचं पाणी शिरलंय? टंचाईचं टेबल सोडा, पंचनामा बघा

ताई, ओढ्याचा पूर नळयोजनेच्या विहिरीत शिरला, कठडा वाहून गेला, पंचायतीकडे दमडी नाही आणि टंचाईच्या निधीतून मागायला गेलात तर "भर पावसात कसली टंचाई?" असं ऐकवलं, हे वाचलं. मागे एका पावसाळ्यात आमचंही हेच झालं होतं.

टंचाईचा नाद सोडा. टंचाईचा कृती आराखडा ऑक्टोबर ते जूनचा असतो. ठराव, अर्ज तुम्हाला ठाऊक आहेच. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत ग्रामीण पाणीपुरवठ्याची तातडीची दुरुस्ती बसते, पण पंचनाम्यात विहीर हवी.

आमच्या घोड्यानं तिथेच पेंड खाल्ली. पंचनाम्याला आलेल्यांनी पिकं लिहिली, पडकी घरं लिहिली, विहिरीकडे कुणी फिरकलं नाही. विचारलं तर "सार्वजनिक मालमत्ता आमच्याकडे नाही, पाणीपुरवठ्याच्या ऑफिसला जा." ते ऑफिस म्हणे, "आधी पंचनामा आणा, मग अंदाजपत्रक करू." असं दिवाळीपर्यंत झुलवलं आणि वर शेरा मारला, प्रस्ताव मुदतीत नाही! उशीर कुणामुळे झाला, ते कुणी लिहीत नाही. कठडा शेवटी वर्गणीतून बांधला.

म्हणून माझं मत (आदेश बदलत असतात, तालुक्याला विचारून घ्याच): तलाठी, ग्रामसेवक आणि पाणीपुरवठ्याचे शाखा अभियंता एकाच दिवशी विहिरीवर बोलवा, सह्या एकाच कागदावर घ्या. "विहिरीचे नुकसान" असं मोघम लिहू देऊ नका. कठडा किती फूट पडला, पंप बुडाला का, किती घरं त्या पाण्यावर आहेत, सगळं लिहून घ्या. गाळ उपसण्याआधी भिंतीवरची पुराची रेघ दिसेल असे तारखेसह फोटो काढा. विहीर साफ झाली की "नुकसान कुठाय?" विचारायला हेच अधिकारी मोकळे. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर 24 तासांत 65 मिमीच्या वर पाऊस (म्हणजे अतिवृष्टी) असेल तर ती नोंदही जोडा.

आणि दमडी नाही म्हणता, पण वित्त आयोगाचा बंधित (ठरावीक कामांसाठीच वापरायचा) निधी पाहिलात का? पंधराव्या आयोगात (2021-26) 60 टक्के बंधित होता, त्यातला निम्मा पाण्यासाठी. शिल्लक असेल तर पंचायतीच्या पूरक आराखड्यात घेऊन पंप तरी चालू करा.

पाण्याचा नमुना आजच प्रयोगशाळेत द्या. "पिण्यास अयोग्य" असा अहवाल असला की टँकर मागताना कुणी फाटे फोडत नाही. गढूळ पाण्यात नुसतं टीसीएल (ब्लीचिंग पावडर) ओतू नका, गाळातच संपतं ते. आधी उपसा, मग क्लोरीन. शेवटच्या नळाला ओटी चाचणीत (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणारी) पिवळा रंग येईपर्यंत पाणी उकळून प्यायची दवंडी चालू ठेवा.